डावी बाही पास, उजवी पेंडिंग

एमडी साहेब जॅकेट घालून एसीत बसले. मान इकडे वळवली, तिकडे वळवली. चहा घेतला. मग म्हणाले, "व्हेरी कम्फर्टेबल. हेच फायनल करा."

मे महिना होता. बाहेर हैदराबाद भाजून निघत होतं. साहेबांच्या अंगावरचं जॅकेट अस्सल लेदरचं होतं, आणि साहेब दुचाकीवर शेवटचे बसले होते ते लग्नाच्या आधी. हे त्यांनीच अभिमानाने सांगितलं.

"सर," मी म्हटलं, "हे घालून एकदा मोटारसायकलवर गौलीगुड्यापर्यंत जाऊन या. मग फायनल करू."

"वाघमारे मॅडम, मी कशाला जाऊ? मला कुठे घालायचंय?"

घोडं तिथेच अडलं होतं. ज्यांना घालायचं होतं त्यांच्यातलं कोणीही खरेदीच्या कमिटीत नव्हतं. दुचाकी चालवणारी मी एकटी, तीही स्कूटी, मलकपेठ ते हिमायतनगर.

आधी माझं काम सांगते. मी एका सरकारी महामंडळात सेफ्टी ऑफिसर होते. सेफ्टी ऑफिसर म्हणजे काही होऊ नये म्हणून पगार घेणारी बाई. काही झालं नाही तर लोक विचारतात, ही करते काय? झालं तर विचारतात, ही करत काय होती? महामंडळाचं काम कोल्ड स्टोरेज तपासायचं. चिंच, मिरची, बटाटे जिथे थंड ठेवतात ती गोदामं. आमचे फील्ड इन्स्पेक्टर रोज सकाळी घरून निघायचे, ऑफिसात हजेरी लावायचे आणि मग शहराच्या चारी टोकांना फिरायचे. सगळे आपापल्या मोटारसायकलवर.

त्यांतला एक यादगिरी. हा मलकपेठचाच, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायचा. एका वळणावर बांधकामाची वाळू सांडलेली होती, त्यावरून त्याची गाडी घसरली आणि तो उजव्या कोपरावर आदळला. कोपराचा चुरा झाला. ऑपरेशन झालं, आत प्लेट आणि स्क्रू बसले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की याच कोपरावर पुन्हा पडलात तर हात कायमचा ताठ राहील, वळणार नाही. ताठ हाताने गाडी चालवता येत नाही, आणि गाडी चालवता आली नाही तर फील्ड ड्यूटी जाते. आमच्याकडे फील्डच्या माणसाला देण्यासारखी टेबलाची जागा नव्हती. त्याची बायको माझ्या घरी येऊन रडली होती. मी तिला सांगून बसले होते की याची व्यवस्था मी करते.

त्याने स्वतःचं जॅकेट का घेतलं नाही, असं तुम्ही विचाराल. घेतलं होतं. पहिल्याच दिवशी मेमो मिळाला, ड्यूटीवर असताना गणवेशाव्यतिरिक्त वस्त्र परिधान केल्याबद्दल. म्हणजे जॅकेट हवं तर ते सरकारीच हवं. म्हणून मी फाईल केली, टेंडर निघालं, तीन कंपन्यांनी सँपलं पाठवली आणि एमडी साहेब त्यातलं एक घालून चहा पीत बसले.

"आणि मला सांगा," साहेब म्हणाले, "आपल्याकडे कोल्ड रूममध्ये घालायचे जाडे कोट आहेतच. इन्स्पेक्टर लोकांना गाडीवर तेच घालू देत. नवीन खरेदी कशाला?"

ते कोट उणे तापमानासाठी असतात. आत रजईसारखा भराव. बाहेर त्रेचाळीस अंश. मी खिडकीचा पडदा सरकवला. साहेबांनी डोळे मिचकावले आणि ट्रायलला परवानगी दिली.

ट्रायल यादगिरीनेच घेतली. भर दुपारी, हिमायतनगर ते गौलीगुडा आणि परत. रोज एक जॅकेट.

पहिलं लेदरचं. रस्त्यावर घासल्यावर चामड्याइतकं टिकणारं दुसरं काही नाही, म्हणून रेसवाले तेच घालतात. पण रेसवाले कोठीच्या सिग्नलवर बसच्या मागे उभे राहत नाहीत. यादगिरी परत आला तो थेट वॉटर कूलरखाली डोकं घालून बसला. "मॅडम, इसमें गिरने की जरूरतच नहीं," तो म्हणाला. "बैठे बैठे मर जाता आदमी."

दुसरं जाडजूड कापडाचं, पुढे जाळी. हवा चांगली येत होती. खांदे, कोपर, पाठ या ठिकाणी आत खिसे असतात आणि त्यात कडक पॅड घातलेले असतात. खरा जीव त्या पॅडमध्ये. जॅकेट घालून उभं राहिलं तर सगळे पॅड जागच्या जागी दिसत होते. पण यादगिरी गाडीवर बसला, हात हँडलकडे पुढे केले आणि कोपराचा पॅड सरकून मनगटाच्या दिशेने गेला. कोपर उघडं. कमिटीने ते जॅकेट उभ्यानेच बघितलं होतं आणि पैकीच्या पैकी मार्क दिले होते.

तिसरं तसंच जाळीचं, पण बाहीला पट्टे होते. पट्टा आवळला की पॅड कोपराला चिकटून बसायचा, हात कितीही वाकवला तरी. यादगिरीने ते घातलं, दोनदा हात दुमडला आणि काढायलाच तयार होईना. मी तेच लिहून वर पाठवलं. काम झालं असं मला वाटलं. तीस वर्षं सरकारी नोकरी करून मला असं वाटलं, यातच माझी हुशारी दिसते.

ते दिवस राज्याच्या विभाजनाचे होते. एका राज्याची दोन होत होती आणि आमच्या महामंडळाचीही दोन महामंडळं. खुर्च्या, पंखे, फाईली, माणसं, सगळ्यांची वाटणी चालू होती. अशा वेळी सगळ्यांना फार जपून वागावं लागतं. तिसऱ्या जॅकेटवर कमिटी बसली आणि पहिला प्रश्न आला रंगाचा.

सँपलच्या खांद्यावर गुलाबी रेघ होती. "गुलाबी नको," किनारपट्टीकडचे मेंबर म्हणाले, "तो एका पार्टीचा." पिवळा सुचवला. "पिवळा नको," इकडचे म्हणाले, "तो दुसऱ्या पार्टीचा." हिरव्याला एकाचा विरोध, भगव्याला दुसऱ्याचा, लाल तर दोघांनीही उडवला. निळा मी मुद्दाम सुचवला नाही. वाघमारे बाईंनी निळा सुचवला की आणखी एक चर्चा सुरू झाली असती. शेवटी राखाडी ठरला, कारण राखाडी रंगाची पार्टी कोणाला आठवेना. मी म्हटलं, राखाडी रस्त्यावर दिसत नाही, निदान चमकत्या पट्ट्या तरी लावा. चंदेरी पट्ट्यांवर पाऊण तास विचार होऊन त्या मंजूर झाल्या.

कंपनीने राखाडी सँपल करून दिलं. कमिटीने सह्या केल्या. लाखेचं सील लागलं. आता यातली गोम.

सरकारी खरेदीत मंजूर झालेल्या नगावर सील लावून तो स्टोअर्समध्ये ठेवतात. त्याला सील्ड सँपल म्हणतात. पुढे माल आला की त्यातला एक काढून सँपलशेजारी ठेवायचा आणि ताडून बघायचा. जुळला तर पास. सँपल एकच, आणि महामंडळं तर आता दोन.

आमचे स्टोअर्स सांभाळायचे मूर्ती गारू, म्हणजे तेलुगूत मूर्ती साहेब, आणि खादर साहेब. वीस वर्षं समोरासमोर टेबल. दुपारचे डबेही एकत्र उघडायचे. मूर्ती गारूंच्या डब्यातलं गोंगुऱ्याचं, म्हणजे अंबाडीचं, लोणचं खादर साहेबांकडे आणि त्यांची खट्टी दाल इकडे. वाटणीत मूर्ती गारू किनारपट्टीकडच्या राज्याकडे लागले आणि खादर साहेब इकडे राहिले. दोघांची नोकरी शेवटच्या टप्प्यात होती.

"अम्मा, काही काळजी करू नका," मूर्ती गारू मला म्हणाले. "आपण गणवेशाच्या कापडाचं करतो तसंच करू."

गणवेशाच्या कापडाचं असं असतं. मंजूर कापडाचे तुकडे करतात. एक तुकडा स्टोअर्सला, एक इन्स्पेक्शनला, एक कंपनीला. प्रत्येक तुकड्यावर शिक्का. पद्धत उत्तम आहे. कापड कुठूनही कापलं तरी कापडच राहतं.

"गारू, हे जॅकेट आहे," मी म्हटलं.

"जॅकेटही कापडाचंच ना?"

"कंपनीकडून दुसरं मागवा ना. तसंच्या तसं देतील."

"ते तसंच असेल, अम्मा. पण मंजूर नसेल. मंजूर एकच आहे."

मी खादर साहेबांकडे बघितलं. हा तरी शहाणा माणूस काही बोलेल. ते म्हणाले, "हौ मॅडम. मंजूर तो एकिच है."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी एमडी साहेबांकडे गेले. त्यांनी फाईलवर आधीच लिहून ठेवलं होतं, मंजूर नमुन्याचे दोन समान भाग करून उभय महामंडळांस द्यावेत. त्यांना बदलीची ऑर्डर आली होती आणि टेबल रिकामं करायची घाई होती.

नारायणगुड्याचा टेलर आला. त्याने जॅकेट उलटसुलट केलं आणि विचारलं, "कहां से ठीक करना?" त्याला समजावून सांगायला वेळ लागला की ठीक नाही करायचं, कापायचंय. पुढून चेन होतीच, ती उघडली. मागून पाठीच्या कण्यावर खडूची रेघ ओढून त्याने कात्री चालवली. पाठीचा पॅड कात्रीने कापेना. मेंटेनन्सवाल्याला बोलावलं, त्याने तो हॅकसॉने कापला. गळ्यातलं साइजचं लेबल बरोबर मधोमध आलं, त्यामुळे साइज कोणती हे दोन्ही राज्यांना कळायचं बंद झालं. चिठ्ठ्या टाकल्या. इकडे डावा भाग आला, तिकडे उजवा. चेन ओढायचा रनर उजव्या भागाबरोबर गेला.

यादगिरी दारात उभा राहून हे बघत होता.  मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

मग कॉरिडॉरमध्ये प्लायवूडची भिंत आली. एकाच मजल्यावर दोन महामंडळं, भिंतीला मधे एक दार आणि दाराला दोन्ही बाजूंनी कड्या. मूर्ती गारूंचा आवाज ऐकू यायचा, पण भेटायचं तर जिना उतरून दुसऱ्या जिन्याने चढावं लागे. कोणी चढत नसे. कोणाला तिकडे जाताना बघितलं तर चर्चा व्हायची. खादर साहेब डबा एकटेच खायचे.

जॅकेटं पावसाळ्यानंतर आली. खोकी उघडली, मी पॅड दाबून बघितले, पट्टे ओढून बघितले. अगदी हवं तसं. मी यादगिरीला फोन केला की उद्या ये, जॅकेट घेऊन जा. तो तोवर कोपराला स्पंजचा तुकडा बांधून, त्यावर क्रेप बँडेज गुंडाळून गाडी चालवत होता.

दुसऱ्या दिवशी खादर साहेबांनी कपाटातून डावा भाग काढला. नव्या जॅकेटशेजारी टेबलावर ठेवला. चष्मा लावला. बाही मोजली, शिवण मोजली, मोबाईलचा खिसा उलटा करून बघितला. मग पेन उचललं आणि म्हणाले, "डावा भाग पास."

"आणि उजवा?"

"उजवे का सँपल नहीं है मेरे पास."

"अहो, उजवा डाव्यासारखाच असतो!"

"कैसा मॅडम? डावे में मोबाईल का पॉकेट है, उजवे में नहीं है. और ये देखो." त्यांनी नव्या जॅकेटचा रनर खालीवर केला. "ये मेरे सँपल में नहीं. ये कायकू लगाया कंपनी, मेरेकू क्या मालूम?"

"चेन लावायला लगाया!"

"होगा. मगर मैं किस पे दस्तखत करूं?"

मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं. दोन वर्षांत रिटायर होणारा माणूस. त्यांच्या आधीच्या स्टोअर्स ऑफिसरने न बघता एक सही केली होती आणि त्याची पेन्शन चौकशीत अडकली होती. तो शेवटपर्यंत ऑफिसच्या जिन्यावर बसलेला दिसायचा. खादर साहेब त्याच्या बाजूने रोज ये-जा करायचे.

यादगिरी समोर उभा होता. उजव्या बाहीतून स्पंज बाहेर आलेला.

"साब," तो म्हणाला, "मेरी उजवी कोनीच टूटी ना."

"इसीलिए तो रोका," खादर साहेब म्हणाले. "उसमें कुछ गडबड निकली तो?"

एवढ्या प्रामाणिक कारणाने कोणी कोणाचा घात केल्याचं मी पाहिलेलं नाही.

मी पलीकडे फोन लावला. तिकडेही जॅकेटं आली होती. मूर्ती गारूंनी उजवा भाग पास केला होता आणि डावा थांबवला होता. मी म्हटलं, तुमचा उजवा भाग अर्धा तास द्या. ते म्हणाले, ती त्यांच्या महामंडळाची मालमत्ता आहे, दुसऱ्या राज्यात न्यायची तर सचिवालयाची परवानगी लागेल. मी म्हटलं, दुसरं राज्य प्लायवूडच्या पलीकडे आहे. ते म्हणाले, "होय अम्मा, पण आहे."

सचिवालयाला पत्र लिहिलं. आमच्याकडून आमच्या, त्यांच्याकडून त्यांच्या. उत्तर यायचं तेव्हा आलं असतं. माझा मुलगा, जो मराठी बोलतो पण वाचत नाही आणि म्हणून ज्याच्याबद्दल मला इथे मोकळेपणाने लिहिता येतं, तो रात्री जेवताना म्हणाला, "मम्मी, तुम लोगां हाफ-हाफ हातात धरून उभे राहा ना. देऊ नका कोणाला." आणि पुन्हा फोनमध्ये शिरला. मी घास तसाच ठेवला. कार्टं कधी नव्हे ते कामाचं बोललं होतं.

दुसऱ्या दिवशी मी दोघांनाही एकच प्रश्न विचारला. सँपल आपल्या हातातून सोडायचं नाही, आपल्या हद्दीतून बाहेर न्यायचं नाही, पण नुसतं दाखवायला हरकत आहे का? दोघांनीही नियम चाळले. दाखवण्याबद्दल कुठे काही नव्हतं.

प्लायवूडचं दार दोन्ही बाजूंनी उघडलं. मूर्ती गारू त्यांच्या हद्दीत उजवा भाग घेऊन उभे, खादर साहेब आपल्या हद्दीत डावा घेऊन. मधे उंबऱ्यावर यादगिरी, एक पाय या राज्यात, एक पाय त्या राज्यात. त्याने उजवा हात तिकडच्या बाहीत घातला आणि डावा इकडच्या. दोन्ही अधिकाऱ्यांनी आपापल्या भागाची कॉलर घट्ट धरून ठेवली, मालमत्ता पळून जाऊ नये म्हणून. मागून सगळं उघडं होतं, ते मी दोन्ही हातांनी ओढून धरलं.

"चेन लावा," मी म्हटलं.

डाव्या हाताने चेनचं टोक रनरमध्ये बसवायचं आणि उजव्याने रनर ओढायचा, दोघा साहेबांनी मान आवळलेली. यादगिरी दोनदा चुकला. तिसऱ्यांदा चेन वर गेली.

कॉरिडॉरमध्ये दोन्ही बाजूंना स्टाफ जमला होता. कोणी हसलं नाही. मला मात्र हसू आवरेना आणि हात सोडता येईना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"साइज लार्ज," मूर्ती गारूंनी गळ्यातलं लेबल जुळवून वाचलं.

"लार्ज," खादर साहेब म्हणाले. "हौ."

मग शेजारी नवं जॅकेट धरून ताडणी झाली. बाही, पट्टा, पॅड, पट्टी. ताडणी चालू असताना मूर्ती गारूंनी एकदम विचारलं, "शुगर कैसी है, खादर भाई?"

"बढ गई," खादर साहेब म्हणाले. "आपका लोणचा बंद हुआ, तब से कम होना था. उलटी बढ गई."

दोघांनी दाराच्या चौकटीला कागद टेकवून सह्या केल्या. मूर्ती गारू लगेच गेले नाहीत. यादगिरी जॅकेटमधून निघाल्यावरही दोघं उंबऱ्याच्या दोन बाजूंना बराच वेळ उभे राहिले, आपापलं अर्धं जॅकेट कवटाळून, डाळीच्या भावाबद्दल बोलत. मला फार बरं वाटलं. दार त्यानंतर कोणी बंद केलं नाही. कड्या होत्या, लावायच्या राहून गेल्या.

जॅकेटं त्याच दिवशी वाटली. यादगिरीच्या बायकोने माझ्याकडे डबाभर सकिनालू, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या चकल्या, पाठवल्या.

आणि यादगिरी पुन्हा पडला. चादरघाटच्या पुलाजवळ एका शेअर ऑटोने त्याच्यासमोर अचानक ब्रेक मारला. तो गाडीसकट आडवा झाला आणि उजव्या कोपरावर घासत गेला. मला फोन आला, मी होते तशी निघाले. हॉस्पिटलात पोचले तर हा बाकावर बसून चहा पीत होता. कप उजव्या हातात. हात दुमडून कप तोंडाला लावत होता. जॅकेटची उजवी बाही मनगटापासून खांद्यापर्यंत फाटली होती, पॅडला चर पडला होता. कोपराला खरचटलंसुद्धा नव्हतं.

"देखो मॅडम," त्याने हात वाकवून दाखवला. मग सरळ केला. मग परत वाकवला. मी त्याला तिथेच खूप रागावले, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

जॅकेट कंडेम करायला पाठवलं. कंडेम करणं म्हणजे वापरायोग्य नाही असं लिहून मोडीत काढणं. सरकारी जॅकेटचं आयुष्य तीन वर्षं धरलेलं असतं, हे सहा महिन्यांत गेलं. ऑडिटने खुलासा मागितला. मी लिहिलं, अपघातात जॅकेटने आपलं काम चोख केलं. उलट टपाली प्रश्न आला, जॅकेटने काम चोख केलं असेल तर ते फाटलं कसं? मी लिहिलं, म्हणूनच फाटलं. खुलासा समाधानकारक नाही, असा शेरा आला. मी रिटायर झाले तेव्हाही तो आक्षेप उघडाच होता.

तुम्हाला रोजच्या जाण्यायेण्यासाठी जॅकेट घ्यायचं असेल तर माझं एवढंच सांगणं आहे. दुकानातल्या आरशासमोर उभं राहून घेऊ नका. बाहेर उभ्या असलेल्या कुणाच्याही गाडीवर बसा, हात हँडलवर ठेवा आणि पॅड कोपरावर येतो का ते बघा. आणि दोन्ही बाह्या बघा.